पुराच्या यादीत बाईचं नाव

(वस्तीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मुंबईच्या पुराचा अनुभव सांगा, असं मला या शिबिराच्या मैत्रिणींनी सांगितलं. अनुभव मी सांगणारच आहे, पण तेवढं सांगून खाली बसणार नाही. पूर म्हणजे निसर्गाचा कोप, त्याच्यापुढे गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष सगळे सारखे, असं आपण नेहमी ऐकतो. पाणी छातीपर्यंत आलेलं असतं तेव्हा ते खरंही वाटतं. पण पाणी ओसरलं की यादी सुरू होते. कोणाचं घर बुडालं, कोणाचं सामान गेलं, कोणाला मदत द्यायची, याची यादी. त्या यादीत सगळे सारखे नसतात. मला आज मुख्यतः त्या यादीबद्दल बोलायचं आहे.

आमची वस्ती कुर्ला आणि कलिना यांच्या मधे, मिठी नदीच्या काठाला. १९८४ साली लग्न होऊन मी तिथे आले. तेव्हापासून चार घरची धुणीभांडी करत आले, आणि पुढे वस्तीतल्या महिला मंडळाचं काम करायला लागले. इतकी वर्षं काठावर राहून आम्ही तिला नदी कधी म्हटलंच नाही. नाला म्हणायचो. शाळेतल्या पोरांनाही कोणी सांगितलं नव्हतं की ही नदी आहे. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन ती निघते, मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना, धारावी करत सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. हे सगळं आम्हाला २००५ नंतर कळलं. नदीचं नाव तिला पुराने परत मिळवून दिलं असं म्हणा ना.

या नदीचं अंग कोणी चोरलं, तेही तेव्हाच कळलं. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला वळवलं, सरळ वाहणाऱ्या पाण्याला काटकोनात फिरायला लावलं. खाली, मुखाजवळ, पूर्वी दलदल आणि खारफुटी होती. भरतीचं पाणी आणि पावसाचं पाणी तिथे पसरून थांबायचं. ती दलदल भरून त्यावर वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. मधल्या पट्ट्यात कारखाने, गोदामं, भंगाराचे अड्डे, रस्ते, आणि हो, आमच्या झोपड्या. झोपड्या काठावर आहेत हे मी नाकारत नाही. पण ज्या शहराला धुणीभांडी करायला, कपडे शिवायला, कचरा उचलायला आम्ही हव्या असतो, त्या शहराने आम्हाला दुसरी कुठली जागा परवडेल अशी ठेवली होती, एवढं तरी विचारलं पाहिजे.

आता त्या दिवसाबद्दल. २६ जुलै २००५, मंगळवार. मी एकच्या सुमाराला कामावरून परत आले. दोननंतर जो पाऊस लागला तो मी जन्मात पाहिला नव्हता. समोरच्या घराचा पत्रा दिसत नव्हता. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळी कुलाब्याला शंभर मिलिमीटरसुद्धा झाला नाही. म्हणजे ज्या भागात मंत्रालय आहे तिथे साधा पाऊस, आणि आम्ही बुडतोय. त्यात समुद्राला मोठी भरती. वरून येणारं पाणी खाडीत शिरेना, ते मागे फिरलं.

आमच्या घरात पाणी दारातून आलंच नाही. ते मोरीतून आलं, काळं, वास मारणारं. आधी आम्ही बायकांनी नेहमीसारखं केलं. दरवर्षी घोटाभर पाणी येतंच, तेव्हा काय उचलायचं ते हातांना पाठ असतं. तांदळाचा डबा, पीठ, पोरांची दप्तरं पोटमाळ्यावर. मग रेशनकार्ड आणि फोटोपास. मग गाद्या. स्टो सगळ्यात शेवटी, कारण रात्रीचा स्वयंपाक व्हायचा असतो. पण या वेळी उचलायलाच वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासात पाणी मांडीला लागलं. वीज गेली. फोन लागत नव्हते. माझा नवरा साकीनाक्याला कारखान्यात, मोठा मुलगा कॉलेजात. घराघरांत बायका, म्हातारी माणसं आणि पोरं, एवढीच होती.

दुपारच्या वेळी वस्तीत बायकाच असतात, ही साधी गोष्ट आहे. पण आपत्तीचं नियोजन करणाऱ्यांच्या डोक्यात ती नसते. आमच्या गल्लीत त्या दुपारी माणसं कोणी बाहेर काढली? बायकांनी काढली. अंथरुणाला खिळलेल्या एका आजीला चौघींनी दार बिजागरीतून उचकटून त्यावर घालून नेलं. नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्यांचे काष्टे पाण्याने जड झालेले, पाऊल उचलेना. आम्ही त्यांना लुगडी सोडायला लावली. काहीजणी ऐकेनात. लाज सोडवेना. आयुष्यभर बाईला शिकवलेली लाज पाण्यात जीवावर कशी उठते, ते मी त्या दिवशी पाहिलं.

गल्लीच्या टोकाला एका खालांचं पक्कं घर होतं, वर एक खोली चढवलेली. तुम्हाला सांगते, १९९२-९३ च्या दंगलीनंतर आमच्या गल्लीत एक रेघ पडली होती. भांडण नव्हतं, पण अलीकडच्या पलीकडे जात नसत. खालांनी जिन्यावर उभं राहून हाका मारल्या, "ऊपर आओ, सब आओ." त्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री एकतीसजण होतो. त्यातली एकोणीस बायका-मुली.

त्या रात्रीचं कोणी विचारलं तर सगळे पाण्याचं विचारतात. मला लघवीचं आठवतं. एकतीस माणसं, संडास खाली पाण्यात. पुरुष जिन्यात जाऊन मोकळे होत होते. बायका रात्रभर थांबल्या. पाणीही पीत नव्हत्या, कारण प्यायलं तर जावं लागेल. शेवटी खालांनी कोपऱ्यात चादर धरली, एक पिंपाचं झाकण ठेवलं, आणि आम्ही पाळीपाळीने गेलो. एका मुलीची पाळी आलेली, ती भिंतीला पाठ लावून उभीच राहिली, बसेना. कोणीतरी जुन्या साडीचा पदर फाडून दिला. पुढच्या आठवड्यात वस्तीतल्या कितीजणींना लघवीची जळजळ होती, ताप होता! दवाखान्यात त्याची नोंद पूर म्हणून होत नाही. बाईचं दुखणं म्हणून होते, किंवा होतच नाही.

आमच्यातल्या ज्या कामावरच अडकल्या त्यांचं वेगळंच. कोणी अंधेरीहून, कोणी दादरहून, रात्रभर पाण्यातून चालत आल्या. वाटेत अनोळखी लोकांनी चहा-बिस्किटं दिली, हात धरून गटारांच्या उघड्या झाकणांवरून नेलं. मुंबईच्या माणुसकीचं फार कौतुक झालं तेव्हा, आणि ते खोटं नाही. पण पुढच्या महिन्यात ज्या मालकिणींच्या घरी आठ-दहा दिवस जाता आलं नाही, त्यांतल्या कितीतरी जणींनी खाडे कापले. माझेही कापले गेले. मालकिणीला मी म्हटलं, बाई, माझं घर बुडालं होतं. ती म्हणाली, अगं पण मी दहा दिवस हाताने भांडी घासली त्याचं काय? तीही बाईच. घरकामाचा भार दोघींवरच टाकलेला, आणि भांडण दोघींतच लागलेलं. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो आपल्याच चळवळीच्या रेट्याने. तरी पुरात बुडालेल्या दिवसांची पगारी रजा आजही मालकिणीच्या मर्जीवरच आहे.

पाणी ओसरायला आमच्याकडे दोन दिवस लागले. नंतर गाळ, आणि गाळाबरोबर तबेल्यांतल्या मेलेल्या म्हशी. गुडघाभर पाण्यात उभं राहून आम्ही प्यायच्या पाण्यासाठी रांगा लावल्या. घरं कोणी धुतली हे विचारायला नको. पुरुष खुर्च्या उन्हात ठेवून बाहेर बसले, आणि बायका पंधरा दिवस गाळ उपसत राहिल्या, उघड्या पायांनी. ऑगस्टमध्ये लेप्टोची साथ आली. पायाच्या जखमेतून तो रोग शिरतो, हे डॉक्टरांनी सांगितलं ते गाळ उपसून झाल्यावर.

राज्यात त्या पावसाने एक हजाराहून जास्त माणसं गेली. सगळीच काही पाण्याने गेली नाहीत. २८ जुलैच्या रात्री धरण फुटलं, अशी अफवा उठली आणि जुहूच्या नेहरूनगर वस्तीत चेंगराचेंगरी होऊन माणसं मेली, त्यात बायका आणि मुलं होती. तिथल्या लोकांना मूर्ख म्हणणाऱ्यांना मी विचारते, दोन दिवस ज्यांच्यापर्यंत एकही खरी बातमी पोचली नाही, त्यांनी अफवेवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

आता यादीकडे येते. आठवड्याभराने पंचनामे सुरू झाले. सरकारी माणूस वही घेऊन आला. दाराशी उभा राहिला की पहिला प्रश्न, "कुटुंबप्रमुख कोण?" नवऱ्याचं नाव सांगितलं की पुढचं लिहून होई. धान्य, रॉकेल, रोख मदत, सगळं कुटुंबप्रमुखाच्या नावावर. नवरा दारू पिणारा असेल तर रोख रक्कम घरी पोचायच्या आधी कुठे गेली असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

पण ज्या घरात पुरुष होता त्यांचं निदान काहीतरी लिहिलं गेलं. आमच्या मागच्या गल्लीत एक शिलाईकाम करणारी बाई होती. नवऱ्याने सोडलेली, दोन मुली, भावाच्या घरात पोटमाळ्यावर राहायची. खाली एका कोपऱ्यात तिचं शिलाई मशीन. ते तिने आमच्या बचत गटाचं कर्ज काढून घेतलेलं, अजून २,७०० रुपये फिटायचे होते. मशीन पाण्यात गेलं, शिवायला आलेली गिऱ्हाइकांची कापडंही गेली. ती पंचनाम्याला पुढे आली. सरकारी माणूस म्हणाला, "हे घर एकाच कुटुंबाचं आहे, नोंद झाली." ती म्हणाली, माझी चूल वेगळी आहे. तो म्हणाला, "चूल कुठे आहे, दाखवा." चूल म्हणजे स्टो, तो वाहून गेलेला. मशीन दाखवलं, तर पावती मागितली. पावती भिजून लगदा झालेली. भावाला मदत मिळाली, त्याने ठेवली. कागदावर ही बाई भिजलीच नाही.

अशा आमच्याकडे किती निघाल्या असतील? आम्ही महिला मंडळाने शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि घरोघर फिरलो. फक्त एवढंच विचारलं: या छपराखाली कोणकोणती बाई आपल्या कमाईवर जगते, आणि तिचं काय गेलं? परित्यक्ता निघाल्या. लग्नाची नोंद नसलेल्या, दुसऱ्या बायका म्हणून हिणवलेल्या निघाल्या. पोटभाडेकरू निघाल्या, त्यांच्या घरमालकाने स्वतःच्या नावाने पंचनामा करून घेतलेला. गेलेल्या वस्तूंत पिको-फॉलची मशिनं, पापड लाटायची पोळपाटं, मसाला कुटायचे खलबत्ते, इडलीची भांडी. सरकारी यादीच्या भाषेत हे सगळं "घरगुती सामान". पण मैत्रिणींनो, ते घरगुती सामान नव्हतं. तो आमचा कारखाना होता! पुरुषाचं दुकान बुडालं तर धंद्याचं नुकसान, आणि बाईचा धंदा बुडाला तर भांडी वाहून गेली, असा हा हिशोब.

आमच्या वहीत बेचाळीस बायकांची नावं झाली. ती घेऊन आम्ही मोर्चा नेला, निवेदन दिलं, तीन वेळा परत पाठवलं गेलं, चौथ्या वेळी दारातच बसलो. शेवटी बेचाळीसपैकी अकराजणींची वेगळी नोंद झाली. अकराच. शिलाईवाली त्यात नव्हती. तिचं कर्ज आमच्या गटाने वर्षभर लांबवलं आणि एका जुन्या मशीनसाठी प्रत्येकीने वर्गणी काढली. ही आमची ताकद, आणि आमची मर्यादाही. बुडालेल्या बायांनी बुडालेल्या बाईला उभं करायचं, आणि सरकार मोकळं.

त्याच वर्षी, डिसेंबर २००५ मध्ये, संसदेत आपत्ती व्यवस्थापन कायदा मंजूर झाला. तो मी आपल्या एका वकील मैत्रिणीकडून समजून घेतला. मदत देताना लिंग, जात, धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही, असं त्यात स्पष्ट कलम आहे. ते आपण पाठ करून ठेवलं पाहिजे. पण किमान मदतीच्या कलमात बाईचा खास उल्लेख येतो तो कसा? विधवा आणि अनाथ यांच्यासाठी विशेष तरतूद. म्हणजे नवरा मेला तर बाई कायद्याला दिसते. नवऱ्याने टाकली तर दिसत नाही, स्वतः सोडून आली तर मुळीच नाही. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली. हे पाऊल चांगलं आहे. पण रेशनकार्डावर प्रमुख असलेली बाई पंचनाम्याच्या वहीत पुन्हा नवऱ्याच्या नावाखाली जाते. घराचा कागद कोणाच्या नावावर, हा प्रश्न तिथेच राहतो.

पुरानंतर दुसरी यादीही झाली, तोडायच्या घरांची. शहर बुडालं ते कोणामुळे, याचं उत्तर पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं: प्लास्टिकच्या पिशव्या आणि झोपड्या. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदीसाठी वेगळं प्राधिकरण झालं. पात्र खोली दुरुंद करायला झोपड्या हटवल्या गेल्या. ज्यांच्याकडे ठरावीक तारखेच्या आधीचे कागद होते ते पात्र, बाकीचे अपात्र. आणि कागद कुठे होते? २६ जुलैच्या पाण्यात. ज्या बाईचं पहिल्या यादीत नाव आलं नाही, तिच्याकडे दुसऱ्या यादीच्या वेळी दाखवायला पुराचा पंचनामासुद्धा नव्हता. म्हणून मी म्हणते, पंचनामा हा नुसता मदतीचा कागद नाही. आपण इथे राहत होतो, याचा तो पुरावा असतो.

आणि नदीचं काय झालं? भिंती बांधल्या, दरवर्षी गाळ काढल्याची बिलं निघाली. २०२५ मध्ये त्या गाळाच्या कामात सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याच वर्षी १९ ऑगस्टला मिठीचं पाणी ३.९ मीटरवर चढलं आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरातून शेकडो माणसांना हलवावं लागलं. वीस वर्षांनीही पाणी आलं की बोचकं उचलायचं ते आमच्याच बायकांनी.

तेव्हा आपापल्या वस्तीत परत गेल्यावर काय करायचं, ते सांगून थांबते. ही कामं पावसाळ्याआधी करायची आहेत, पाणी आल्यावर नाही.

एक, आपली यादी आपण करायची. छपराखालच्या प्रत्येक कमावत्या बाईचं नाव, तिचं काम, तिची हत्यारं, तिची मुलं. दरवर्षी मे महिन्यात, सह्या-अंगठ्यांसह, आणि तिची एक प्रत निवेदनाबरोबर देऊन पोच घ्यायची. मग पंचनाम्याला आलेल्या माणसाला चूल कुठे आहे हे विचारता येणार नाही.

दोन, पंचनाम्यात पंच म्हणून वस्तीतल्या बायका हव्यात ही मागणी करायची. कोणाची चूल वेगळी, कोणाची एकत्र, हे शेजारणीला जितकं माहीत असतं तितकं कोणाला नसतं.

तीन, घराच्या कागदावर नाव. झोपडपट्टी पुनर्वसनात नवरा-बायको दोघांच्या नावे घर देण्याची तरतूद आहे, ती बायकांना माहीतच नसते. माहिती द्या. आणि एकट्या बाईला स्वतंत्र कुटुंब म्हणून धरा, हा आग्रह सोडू नका.

चार, वस्तीत उंचावरच्या खोल्या कोणत्या, त्या आधीच ठरवा, आणि निवाऱ्याच्या शाळेत बायकांसाठी वेगळा संडास, आडोसा, पाणी, पाळीसाठी कापड आहे का, ते जूनच्या आधी जाऊन बघा. लाजू नका. हे मागणं चैनीचं नाही.

पाच, घरकामगारांच्या संघटनांनी पुराच्या रजेची मागणी जाहीरनाम्यात घालावी.

यातलं काही करायला पैसे लागत नाहीत. दोनशे पानी वही लागते, आणि दार वाजवायची तयारी लागते. आमच्या वस्तीत त्या वहीचं आता विसावं वर्ष चालू आहे. पहिल्या वहीत बेचाळीस नावं होती. गेल्या मे महिन्यात दोनशे सोळा झाली. उद्या पाणी आलं, तर आमच्या गल्लीतली कोणतीही बाई कागदावर कोरडी राहणार नाही, एवढी तजवीज आम्ही केली आहे. तुमच्या वस्तीची वही कधी सुरू होते, ते मला पुढच्या शिबिरात ऐकायचं आहे.